पोराला काय शिकवलंस?

सगळ्या अथेन्सने मला वेड्यात काढलंय, तेव्हा काय घडलं ते माझ्याच तोंडून ऐका. मी कोमियास, कुंभार. चाळीस वर्षं चाक फिरवलं. माझे तेलाचे बुधले गलबतांतून सिसिलीला गेले, आणि मी आज भाकरवाल्या मिर्तालेच्या भट्टीमागे, पिठाच्या पोत्यांशेजारी, उंदरांच्या संगतीत निजतो.

दोन हिवाळ्यांमागे माझा उजवा हात गेला. सकाळी उठतो तर खांद्यापासून खाली नुसता लोंबतोय. चाकावर न बसणारा कुंभार म्हणजे खाणारं तोंड. मग रीतीप्रमाणे घर, भट्टी, चाक, सगळं नाऊसियासला, माझ्या एकुलत्या एका पोराला, देऊन टाकलं. बाप थकला की मुलाने सगळं घ्यायचं आणि बापाला सांभाळायचं, हा आमच्याकडचा कायदा. त्यातलं घ्यायचं काम त्याने चोख केलं. वर्षभरात भट्टी विकून घोडा आणला. मग माझी खाट अंगणात आली. मग घरी मोठमोठी माणसं जेवायला येऊ लागली, आणि एक दिवस मला म्हणाला, "बाबा, तुम्ही फार खोकता. पाहुण्यांना अवघडल्यासारखं होतं. थोडे दिवस दुसरीकडे राहा ना."

थोडे दिवस! त्याला आता वर्ष होत आलं.

मिर्तालेने एकदा मला रडताना पकडलं. म्हणाली, "म्हाताऱ्या, डोळे काय गाळतोस? दावा ठोक. बापाला उपाशी मारणाऱ्याला हे शहर सोडत नाही."

"आपलेच दात आणि आपलेच ओठ, मिर्ताले."

"दात कधीच पडले तुझे. आणि पंच सगळे म्हातारेच असतात. त्यांचीही पोरं घरात बसलीत, कळेल त्यांना."

ठोकला दावा. मागणं काय होतं माझं? डोक्यावर छप्पर आणि रोजची जवाची भाकरी. बस. घोडा त्याचा त्याला लखलाभ.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानातच आली नाही. त्या कायद्याला एक शेपूट आहे. ज्या बापाने मुलाला पोटापुरता धंदा शिकवला नाही, त्या बापाला मुलाने पोसलंच पाहिजे असं नाही. आमच्या कुंभारवाड्यात हे कुणाला आठवायची पाळीच येत नाही, कारण इथलं पोर रांगायला लागतं तेच मातीत. सगळ्या वाड्यात वेगळं वागलो तो मी एकटा शहाणा.

त्याचं असं झालं. टेकडीवर भरणाऱ्या शहराच्या सभेत मी जन्मभर मागे उभा राहिलो. पुढे बोलायला उठायचे ते सगळे घरंदाज, तेल लावून चकचकीत. एकदाच मी तोंड उघडलं, तर कुणीतरी ओरडलं, "आधी नखं धुऊन ये!" सगळी टेकडी हसली. त्या दिवशी ठरवलं, माझ्या पोराच्या नखात माती जाणार नाही. पुढे थासोस बेटावरून पोलिमेदेस आला. हा गुरुजी म्हणे चांगुलपणाच शिकवायचा! माणूस चांगला कसा व्हावा, घर कसं चालवावं, शहर कसं चालवावं. शेजारी चिडवायचे, "काय रे कोमियास, चांगुलपणा हल्ली मापाने मिळतो वाटतं?" मी म्हणायचो, मिळतो, आणि माझा पोरगा भरून आणणार आहे. चार वर्षं पाठवला त्याला. त्याच्या शिकवणीच्या पैशांपायी मी दारूचा घोटसुद्धा सोडला हो!

तर कोर्टाचा दिवस. पाचशे पंच बाकांवर दाटीवाटीने बसलेले. मी आधी बोललो. कसा बोललो देव जाणे, पण पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने अंगरख्याला नाक पुसलं. मला वाटलं, जिंकलो.

मग नाऊसियास उठला. हात अंगरख्याच्या आत, आवाज खाली.

"मंडळी, माझे वडील बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. त्यांनी मला घर दिलं, आणि मी त्यांना घरात ठेवत नाही. मी फक्त एवढंच विचारतो, यांनी मला कोणता धंदा शिकवला?"

मी जागेवरूनच ओरडलो, "धंद्याहून मोठं शिकवलं तुला! चांगुलपणा शिकवला!"

"बरं. म्हणजे चांगुलपणा शिकवता येतो?"

"येतो तर!"

"आणि मी तो शिकलो?"

मी तोंड उघडलं, तोवर तो पुढे बोललाही.

"शिकलो म्हणाल, तर चांगल्या माणसावर दावा कसला लावता? नाही शिकलो म्हणाल, तर तुम्ही मला काहीच शिकवलं नाहीत, आणि कायदा मला मोकळं सोडतो. कुठलं ते सांगा, बाबा. सावकाश सांगा."

पाचशे माणसं खदखदून हसली. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझी छाती फुगली. काय बोलत होता कार्टा! मी 'नखं धुऊन ये' ऐकलं होतं, आणि माझ्या पोराचा शब्द लोक झेलत होते.

साक्षीला मी पोलिमेदेसला आणलं होतं. त्याचे चार-पाच चेले कठड्यामागे उभे. मी म्हणालो, "गुरुजी, सांगा यांना, माझ्या पोराला काय शिकवलंत?"

त्याने दाढीवरून हात फिरवला. "मी याला बोलायला शिकवलं, पंचहो, आणि ते तुम्ही आत्ता ऐकलंच. चांगुलपणाचं म्हणाल, तर मूल तो घरून घेऊन येतं. नाहीतर येत नाही."

"मग चार वर्षं मला काय विकत होतास, चोरा?"

"तुम्ही जे मागायला आलात, कोमियास, ते मी नाही कसं म्हणणार होतो?" तो अगदी मायेने बोलला. तेच जास्त झोंबलं.

एवढ्यावरही माझी आशा सुटली नव्हती. पंचांत चुळबुळ चालली होती. म्हातारी माणसं ती, शब्दांच्या कसरतींना हसतात, पण मत देताना आपली भाकरी आठवतात. नाऊसियासलाही ते कळलं असणार. तो माझ्याकडे वळला. आमच्याकडे प्रतिपक्षाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं.

"बाबा, मी सहा वर्षांचा असताना तुमच्या चाकापाशी बसून मातीचा कुत्रा केला होता. आठवतं?"

"आठवतं."

"मी म्हटलं होतं, मला चाक शिकवा. तुम्ही काय केलंत?"

त्याची आई मेलेली. दुसरं कुणी तिथे नव्हतं. एक 'असं काही झालंच नाही' म्हणायचं, की संपलं. पोरगा ऐकेना, मातीत बसेना, मी काय करू, एवढं म्हटलं असतं तरी पंचांनी विश्वास ठेवला असता. पुढच्या बाकावरचा तो म्हातारा माझ्याकडे बघून मान हलवत होता, नाही म्हण, नाही म्हण. छप्पर, भाकरी, सगळं त्या एका शब्दावर. माझ्या जिभेवर आलाही होता तो.

पण झालं होतं ना तसं. मी म्हणालो, "कुत्रा पायाखाली चिरडला. तुझे हात राखेने घासले, रक्त येईस्तोवर. म्हटलं, पुन्हा मातीला शिवलास तर बोटं मोडीन."

"आणि मी किती वेळा मागितलं?"

"खूपदा. तू रडायचास."

नाऊसियासचा चेहरा क्षणभर तसा सहा वर्षांचा झाला. मला वाटलं, आता हा बोलण्याच्या चौथऱ्यावरून उतरून माझ्यापाशी येईल. पण तो पंचांकडे वळला आणि म्हणाला, "मला आणखी काही बोलायचं नाही."

बत्तीस मतांनी हरलो. अधिकाऱ्याने निकाल वाचला: बापाला पोसायचं, घरात ठेवायचं बंधन मुलावर नाही. मात्र बाप मेल्यावर त्याला रीतीने पुरणं मुलाकडेच राहील, ते कुठल्याच कायद्याने सुटत नाही.

बाहेर पोलिमेदेसभोवती गर्दी जमली होती. एक चांभार आपल्या पोराचं बखोट धरून म्हणत होता, "गुरुजी, याला असंच बोलायला शिकवा."

मिर्ताले कोपऱ्यावर टोपली घेऊन थांबली होती. ऐकून कपाळावर हात मारून घेतला तिने. "अरे खोटं बोलला असतास तर कुणाचं काय गेलं असतं? कुठून शिकलास ही थेरं?"

काय सांगू तिला? माझा बाप दारुडा होता, गुरू मला कुणी नव्हता. आणि जे होतं ते पोराला देता आलं नाही.

तेवढ्यात नाऊसियास आला. डोळे लाल होते, हे मी पाहिलं. खोटं का बोलू? तो मिर्तालेशी बोलला, माझ्याशी नाही.

"बाई, थंडीत यांना जपा. आणि काही कमीजास्त झालं, तर निरोप धाडायला उशीर करू नका. सगळं नीट करीन मी. कुणाला नाव ठेवायला जागा राहणार नाही."

करेलही. त्या बाबतीत माझा पोरगा शब्दाचा पक्का आहे. मी डोळे मिटले की येईल, मला अंघोळ घालील, केस कापून घेईल, चारचौघांत मोठ्याने रडेल. त्या दिवशी मी पुन्हा त्याचा बाप होईन.