आसनगावचं घर

"आजी, थांबा ना, मी गार बाटली आणतो," प्रणय म्हणाला.

"बाटली नको रे बाबा. शेजारच्या घरातलं पानी पायजे मला," असं म्हणून चिमाबाईंनी समोरच्या दाराची बेल स्वतःच दाबली.

प्रणय बिल्डरचा माणूस. आसनगाव स्टेशनजवळच्या नव्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तो या कुटुंबाला दाखवत होता. बोअरिंगचं पाणी खारट आहे का, ते म्हातारीला बघायचं असेल, असं त्याला वाटलं. चिमाबाईंचा मुलगा रत्नदीप आणि सून वंदना यांनी मात्र एकमेकांकडे बघितलं. त्यांना ही परीक्षा ठाऊक होती. मुरबाडकडच्या वैशाखरे गावात चिमाबाई लहान असताना गावातले लोक त्यांच्या ओंजळीत लांबून, वरून पाणी ओतत. पुढे घरात बुद्धवंदना सुरू झाली, पोरं शिकली, सरकारी नोकरीला लागली, पण नवी जागा म्हटली की चिमाबाई आधी शेजारी पाणी मागत. भांडं कसलं येतं आणि हातात येतं की उंबऱ्यावर ठेवतात, एवढंच त्या बघत.

टिटवाळ्याला घर बघताना एका बाईनं अडगळीतला प्लास्टिकचा पेला आणला होता. त्यातलं पाणी न पिताच चिमाबाई जिना उतरल्या होत्या. रत्नदीप तेव्हा वैतागला होता. "आई, अशानं जन्मात घर मिळायचं नाय आपल्याला."

आणि घर तर हवंच होतं. वंदना कल्याणला नर्स. वैशाखऱ्याहून पहाटेची एसटी धरायची, उभ्यानं जायचं, उभ्यानं ड्यूटी करायची आणि पुन्हा उभ्यानं यायचं. ती निघायची तेव्हा मेघा झोपलेली आणि परतायची तेव्हाही बहुधा झोपलेलीच. सात वर्षांच्या पोरीला स्वतःची आई रविवारीच भेटावी, ही काय तऱ्हा झाली? रत्नदीप शहापूरला कचेरीत कारकून. बदलापूर घ्यावं तर त्याची परवड. डोंबिवलीचा भाव ऐकूनच दोघांना घाम फुटला होता. दोघांच्या सोयीचं आणि दोघांच्या कर्जात बसणारं असं हे आसनगावचं एकच घर शिल्लक होतं.

दार उघडलं. कमळताई म्हणून कुणी शिकलेल्या, हसतमुख बाई होत्या. त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं, पंखा लावला. स्टीलच्या लख्ख तांब्याबरोबर फुलपात्र आलं, वर गुळाचा खडा आला. चिमाबाईंच्या हातात त्यांनी स्वतःच्या हातानं पाणी दिलं. "इथं पाण्याचं टेन्शन नाही हं मावशी," असंही सांगितलं.

"तुमचं आडनाव काय म्हणालात?" त्यांनी सहज विचारलं.

"उबाळे," रत्नदीप म्हणाला.

"बरं, बरं," म्हणून कमळताईंनी फुलपात्र पुन्हा भरलं.

चिमाबाई खूश झाल्या. जिना उतरताना वंदनाच्या कानाशी म्हणाल्या, "घ्या गो. मानसं बरी हायत."

खाली पत्र्याच्या ऑफिसात सगळे बसले. तेवढ्यात कमळताईंच्या यजमानांनी जिन्यातून प्रणयला हाक मारली. तो गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा रुमालानं मान पुसत होता.

"सर, फ्लॅट तुमचाच समजा," तो म्हणाला. "फक्त एक छोटी गोष्ट. कागदावर तुमचं आडनाव राहू द्या. खालच्या पाटीवर मात्र वैशाखरेकर लावा. ऐकायलाबी भारी वाटतंय. आणि ते... फोटो असतील ना तुमचे, ते हॉलमध्ये नको. आतल्या खोलीत लावा. म्हणजे कुणाचा त्रास नाय."

"कुणाला त्रास होतोय?" वंदनानं विचारलं.

"मला नाय हो मॅडम. मी असलं काय मानत नाय. वरच्या लोकांचं बोलतोय मी. बाकीचे फ्लॅटपन मलाच विकायचेत ना."

दोन हजार तीन साल होतं ते. पाणी द्यायला लोक शिकले होते, तेही गुळासकट. पाणी प्यायलेला माणूस जिना उतरून निघून जातो, शेजारी कुठं जात नाही. चिमाबाईंची जन्मभराची परीक्षा त्या बाईंनी हसत हसत पास केली होती, आणि परीक्षाच जुनी झाली आहे हे म्हातारीला आत्ता कळलं. संताप कुणावर करायचा तेही कळू नये, इतकं सगळं गोड बोलून चाललं होतं.

"फसले गो मी," चिमाबाई एवढंच म्हणाल्या.

रत्नदीप टेबलाकडे बघत होता. वंदनाच्या सुजलेल्या पायांना रोज रात्री तोच तेल लावून द्यायचा. तो हळूच म्हणाला, "पाटीच तर हाय, वंदना. स्टेशन बघ किती जवळ हाय."

"पाटीच?" वंदना ताडकन उठली. "उद्या मेघानं शाळेत काय सांगायचं? पाटीवर एक, कागदावर एक? अन् बाबासाहेबांना आतल्या खोलीत कोंडायचं? ज्यांच्यामुळं आपन ह्या खुर्चीत बसलो त्यांना? मी उभी राहीन एसटीत. म्हातारी होईपर्यंत उभी राहीन!"

मेघा घाबरून आजीला बिलगली. प्रणयनं कार्ड पुढं केलं. "मॅडम, रागावू नका. घरी जाऊन इचार करा, मंग फोन करा."

चिमाबाईंनी कार्ड घेतलं नाही. त्यांनी त्याला नीट न्याहाळलं.

"तुजं नाव काय रे, बाबा?"

"प्रणय, आजी."

"तसं नाय. पुरं सांग."

"प्रणय सावळाराम निमसे."

"बग, एका दमात सांगितलंस. जीब नाय अडखळली कुठं." त्या काठीवर भार देऊन उठल्या. "माज्या पोरालाबी तसंच सांगता आलं पायजे. सोताच्या दारात."

कार्ड प्रणयच्या हातातच राहिलं. रत्नदीपनं खाली वाकून मेघाच्या सँडलचा पट्टा लावला.

"चला," वंदना म्हणाली. "मुरबाडची गाडी चुकेल. उद्या माझी सकाळची ड्यूटी आहे."