बेससह, बेसशिवाय

...जिभेच्या टोकावर आंबट ठिणगी उडाली, म्हणजे बॅटरी जिवंत होती. नऊ व्होल्टची, चौकोनी, काडेपेटीएवढी. तिची दोन्ही टोकं जिभेला लावून त्याने नेहमीप्रमाणे थोडा वेळ विचारात पडल्यासारखा चेहरा केला — खरं तर त्यात विचार करण्यासारखं काही नसतं, झिणझिण्या आल्या तर जिवंत, नाही आल्या तर मेलेली, माणसांच्या बाबतीतही हिशेब याहून फारसा वेगळा नसावा — आणि मग ती पुन्हा त्या पाच तारांच्या बेस गिटारच्या पाठीतल्या खाचेत दाबून बसवली.

"उष्टी केलीत," दुकानाच्या मालकीणबाई काउंटरमागून म्हणाल्या. "आता न्यावी लागणार."

"बॅटरी की गिटार?"

"तुमच्या जिभेला काय काय लागलंय त्यावर ठरवू."

तो हसला. आज त्याला सगळ्यावर हसू येत होतं, आणि हे चांगलं लक्षण आहे असं त्याने सकाळी दाढी करतानाच ठरवून टाकलं होतं. भ्यायलेला माणूस दाढी करताना कापून घेतो. आपण कापून घेतलं नाही. म्हणजे आपण भ्यायलेलो नाही. शिवाय भ्यायचं कशाला? गावातल्या निम्म्या बेसवाल्यांनी कुठली गिटार घ्यावी, अॅम्प किती वॉटचा असावा, एक मोठा स्पीकर बरा की दोन लहान, हे त्यानेच तर सांगितलं होतं. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची त्याची नोकरी, लोक डोळ्यांचं निमित्त करून यायचे आणि समोरच्या तक्त्यावरची खालची ओळ वाचता वाचता विचारायचे, "प... म... र... आणि काय हो, हलका अॅम्प खरंच मोठ्या हॉलला पुरतो का?" तो भिंग बदलता बदलता उत्तर द्यायचा. "पुरतो. आधीचं बरं की आत्ताचं?" दोन्ही प्रश्नांत लोक त्याच्यावर विश्वास ठेवायचे. आणि चौथ्या भिंगानंतर सगळेच खोटं बोलायचे, हेही त्याला ठाऊक होतं. फरक कळेनासा झालेला असतो, पण या बिचाऱ्या माणसाने इतकी मेहनत घेतली म्हणून म्हणतात — हां, हे जरा बरं वाटतंय. एका आजींनी तर नापसंत भिंगाची माफी मागितली होती.

स्वतःसाठी मात्र तेरा वर्षांत त्याने काही बदललं नव्हतं. तीच चार तारांची गिटार आणि तोच एक्केचाळीस किलोचा अॅम्प, ज्याला बँडमध्ये सासरेबुवा म्हणत, कारण तो तापायला दहा मिनिटं घ्यायचा, मग सतत गुरगुरायचा, आणि त्याला जिन्यावरून न्यायला दोन माणसं लागायची. दुसरं माणूस म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारा. प्रत्येक वळणावर तो ओरडायचा, "भावजी, माझ्या बापाला नीट धरा!"

आणि आता कुंडी.

कुंडीचा विचार आला की त्याला अजून पूर्ण हसता येत नव्हतं. बँडची गायिका म्हणजे त्याची मावसबहीण. तिने एका हॉटेलच्या गच्चीवरचं काम मिळवलं होतं, दर शनिवार-रविवार, सकाळच्या नाश्त्याच्या वेळी, वर्षभरासाठी. इतकं पक्कं काम बँडला कधी मिळालं नव्हतं. पण तिथल्या चौथऱ्यावर माणसं मावत होती चार आणि बँडमध्ये होती पाच. पाचव्याच्या जागी पामची कुंडी होती, सिमेंटची, जमिनीत पक्की केलेली. "दादा, तुझ्याबद्दल काही नाही रे," ती फोनवर म्हणाली होती. "मॅनेजर म्हणतो कुंडी हलणार नाही. तुझी जागा कशीतरी काढता येईल, गिटारवाल्याला खाली उतरवून वगैरे. पण ते म्हणतात, बेस खरंच लागतो का? आज चार वाजता एक गाणं तुझ्यासकट वाजवू, एक तुझ्याशिवाय. रेकॉर्ड करून पाठवते. बस."

बस. म्हणजे आधीचं बरं की आत्ताचं. तेरा वर्षांनी आपण स्वतःच भिंग झालो, आणि समोर स्पर्धेला एक झाड.

पाच तारांची गिटार त्याने नव्या अॅम्पला जोडली. अॅम्प साडेतीन किलोचा, जेवणाच्या डब्याएवढा. खाली दोन दहा इंची स्पीकरांचं खोकं, तेही एका हाताने उचलता येईल असं. त्याने खालचा आवाज वाढवला, वरचा वाढवला, मधला उतरवला, आणि आपला आवडता तुकडा वाजवला... काय आवाज! खाली मखमल, वर काच. दुकानातल्या काउंटरवरची नाणी थरथरली. हा आवाज घेऊन चार वाजता गेलो तर पाम स्वतःहून चालायला लागेल.

"गोड," मालकीणबाई म्हणाल्या.

"गोडच ना?"

"तिथे एकटेच वाजवणार आहात का?"

त्याचा हात तारेवर थांबला. ही चूक त्याने शंभर जणांना समजावून सांगितली होती. एकट्याने वाजवताना मधला आवाज काढून टाकावासा वाटतो, कारण तो नाकातून बोलल्यासारखा येतो, कानाला टोचतो. पण ड्रम आणि गिटार सुरू झाली की गोड आवाज त्यात साखरेसारखा विरघळतो आणि उरतो तो फक्त टोचणाराच. दुकानात रडवणारा बेस स्टेजवर मुका होतो, हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. लोक टिपून घ्यायचे. आणि आता त्याच्याच बोटांनी मधलं बटण मुकाट्याने डावीकडे नेऊन ठेवलं होतं, एखाद्याने मधुमेहावर भाषण देता देता पेढा तोंडात टाकावा तसं.

मालकीणबाईंची तपासणीची पद्धत सगळ्या वादकांना ठाऊक होती. त्यांनी कोपऱ्यातला व्हॅक्यूम क्लीनर सुरू केला, रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये लावला, वर टांगलेल्या झांजेखाली टेबलफॅन ठेवून त्याला चमचा बांधला, आणि म्हणाल्या, "हा तुमचा बँड. मी समोरच्या फुटपाथवर जाते. तळवा वर केला तर ऐकू येतंय. खाली, तर नाही."

त्याने वाजवलं. मखमल गेली, काच गेली. व्हॅक्यूम क्लीनर तेवढा गात राहिला. पलीकडे मालकीणबाईंचा तळवा खाली. एक सायकलवाला त्यांच्यासाठी थांबला, त्याला वाटलं थांबायला सांगताहेत.

...आणि तेव्हाच ते पुन्हा आलं, जे गेले नऊ दिवस तो परत पाठवत होता. शाळेच्या मैदानावरचा दुपारचा कार्यक्रम, ऊन, दोन तास, बावीस गाणी. काय वाजवलं होतं त्याने त्या दिवशी! डोळे मिटून, मान टाकून, बरगड्यांत घुमेल असं. संपल्यावर ड्रमवाली आली आणि पाठीवर थाप मारून म्हणाली, "तळघर, आज बेस काय लागला होता रे!" तळघर म्हणजे तो, सगळ्यांच्या खाली वाजवतो म्हणून. मग सामान आवरताना त्याने सासरेबुवांच्या पाठीला हात लावला आणि तो गार होता. दहा मिनिटांत तापणारा अॅम्प दोन तासांनी गार. फ्यूज उडालेला. दिवा कधी विझला? दुसऱ्या गाण्याआधी फट् झालं होतं, ते त्याला फुगा वाटला होता, शाळाच ती. म्हणजे एकवीस गाणी... एकवीस गाणी मी नुसता हलत होतो. आणि मला ऐकू येत होतं! स्वच्छ, प्रत्येक सूर! लाकूड छातीला टेकलेलं असतं, हाडांतून येतं, हे खरं; पण ड्रमवालीला कोणाच्या हाडांतून आलं? त्याने कोणालाही सांगितलं नाही. फ्यूज बदलला. बायकोने विचारलं, "जेवताना मान का हलवतोयस?" तर म्हणाला, तालात आहे.

म्हणून तर आज इथे होता तो. कोणी आपल्या नसण्याची चाचणी घेण्याआधी आपलं असणं नीट ऐकू जाईल असं काहीतरी विकत घ्यायला.

त्याने मधलं बटण उजवीकडे नेलं. तळवा आडवा झाला. अजून नेलं. मग पाचवी तार आपण आत्तापर्यंत दोनदाच छेडली, तीही आहे म्हणून, हे लक्षात येऊन त्याने ती गिटार खुंटीला लावली आणि सोबत आणलेल्या पिशवीतून आपली चार तारांची काढली. तिला ना बॅटरी ना नखरा. त्या साडेतीन किलोच्या डब्यातून ती बोलली, नाकातून, एखाद्या सर्दी झालेल्या काकांसारखी... आणि रस्त्यापलीकडे मालकीणबाईंनी तळवा वर केला. सायकलवाला निघून गेला.

"अॅम्प घ्या, गिटार राहू दे," त्या परत येऊन म्हणाल्या. "आवाज वाईट आहे. पण आहे."

चार वाजता तो एका हातात डबा, दुसऱ्यात स्पीकरांचं खोकं घेऊन ड्रमवालीच्या गोदामात पोचला. तिच्या घरचा गाद्यांचा धंदा. चारी भिंतींना गाद्यांच्या थप्प्या, त्यामुळे आवाज बाहेर जात नसे आणि दमलेल्याला कुठेही पडता येई. गिटारवाला नेहमीप्रमाणे तारा जुळवत होता. गेली चार वर्षं तो त्या जुळवतच होता.

"माझे वडील कुठे?" मेहुण्याने हातातला डबा पाहून विचारलं.

"निवृत्त झाले."

"आणि हे कोण? नात?"

"दादा, आधी तुझ्याशिवाय घेऊ या का?" मावसबहीण म्हणाली. तिने मोबाइल स्टँडवर लावला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे ते एकदाचं होऊन जाईल."

"घ्या की," तो म्हणाला, आणि प्लास्टिकमधल्या एका डबल गादीवर बसला. गादी करकरली. तेरा वर्षांत तो या बँडसमोर कधी बसला नव्हता. कायम आतून, ड्रमच्या डाव्या अंगाने. समोरून ही माणसं वेगळीच दिसत होती. मावसबहीण गाताना एक खांदा वर उचलते. गिटारवाला चक्क वाजवतोही. आणि बँड — हे कबूल करायला त्याला वाटला होता तितका त्रास झाला नाही — चांगला होता. त्याच्याशिवाय. गाण्याला कुठेही भोक पडलं नव्हतं. मेहुण्याचा डावा हात कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर शांतपणे चालत होता.

तो त्या हाताकडे बघत राहिला. पहिली ओळ, दुसरी... तिसऱ्या ओळीच्या शेवटी, गायिका श्वास घेते त्या जागी, त्या हाताने एक जास्तीचा सूर घेतला. लहानसा, अनावश्यक, खालून वर सरकणारा. तो दचकला. तो सूर त्याचा होता. चूकच म्हणायची, पहिल्या वर्षी बोट घसरून लागला आणि मग मोडेना, म्हणून शैली म्हणून ठेवून दिलेला. मग पुढे सगळंच कळत गेलं: ही चढण माझी, हे धावत येऊन थांबणं माझं, ही प्रत्येक मोकळी जागा अधाशासारखी भरून काढणं, कुणालाही श्वास घेऊ न देणं, हे सगळं माझं. गल्लीत कोणीतरी आपल्या मागून आपली चाल करत यावं, पाय फाकवून, एक हात हलवत, आणि चिडवायला नव्हे तर त्याला चालायची दुसरी तऱ्हाच ठाऊक नाही म्हणून... बघवत नव्हतं, आणि नजर काढवत नव्हती.

गाणं संपलं. मावसबहिणीने मोबाइल थांबवला. गाद्यांच्या गोदामातली शांतता फार जाड असते.

"शाळेच्या मैदानावर," तो म्हणाला, "दुसऱ्या गाण्यापासून माझा अॅम्प बंद होता."

ड्रमवाली हसायला लागली. मग थांबली. "खरंच?"

"मला माहीत होतं," मेहुणा म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही इतके रंगात होतात, भावजी. डोळे मिटलेले. मी दोनदा हाक मारली. मग म्हटलं, जाऊ दे, खालचं मी वाजवतो. तसंही तुमचं सगळं पाठच आहे मला."

"तिसऱ्या ओळीतला तो सूरही?"

"तो तर आधी पाठ झाला," मेहुणा म्हणाला. "का? चुकीचा आहे का?"

यावर त्याला राग यायला हवा होता. तो राग कुठे आहे हे त्याने आत थोडं शोधूनही पाहिलं, खिसे चाचपावेत तसं. नव्हता. लाजही नव्हती. सकाळपासून ज्या फुशारकीवर तो चालला होता तीही कुठेतरी उतरून गेली होती, आणि तिच्या जागी काहीतरी टणक, रिकामं, बसायला बरं वाटेल असं होतं. आपण वाजवत होतो ते सगळं आता या खोलीत आपल्याशिवाय होतं. छान होतं. मेहुण्याच्या डाव्या हाताला ते लखलाभ. मग मी काय वाजवू? तेरा वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. तो लोकांना अॅम्प सांगत राहिला.

"तू हेच खाली वाजवत राहा," तो मेहुण्याला म्हणाला. "सोडू नकोस."

"आणि तुम्ही?"

"बघू."

"दादा, बघू म्हणजे काय?" मावसबहीण म्हणाली. "हॉटेलवाल्यांना आजच पाठवायचंय. नीट वाजव हं. नेहमीचं वाजव."

त्याने नुसती मान हलवली, होय की नाही ते तिला कळणार नाही अशी. डबा खोक्यावर ठेवून जोडला, गिटार गळ्यात घातली. मावसबहिणीने मोबाइलचं लाल बटण दाबलं. ड्रमवालीने काड्या वर उचलल्या आणि त्याच्याकडे पाहिलं, गिटारवाल्यानेही पाहिलं, कदाचित पहिल्यांदाच, आणि ड्रमच्या डाव्या अंगाला मागे सरकण्याऐवजी त्याने एक पाऊल पुढे, गायिकेच्या शेजारी, जिथे आजवर कधी उभा राहिला नव्हता तिथे टाकलं. एक. आतलं सगळं नेहमीचं उठून उभं राहिलं होतं, चढण, धाव, तो घसरलेला सूर, दारात गर्दी करून. दोन. त्याने कोणालाच आत घेतलं नाही. तीन. काय वाजवायचं हे त्याला अजूनही माहीत नव्हतं, आणि बोटं तारेवर न टेकता, तारेच्या अगदी वर, थरथर न करता थांबली होती.