अंगाखालची गोण

मी एक जुनी तागाची गोण आहे. मित्रांनो, माझ्या जन्माची कथा मोठी नाही. एका गिरणीत मी विणली गेले, खताची पेंड भरून वसईजवळच्या नंदाखाल गावाला आले आणि मायकल यांच्या केळीच्या वाडीत पाच वर्षे राबले. तेथे माझी कोणी स्तुती केली नाही. पण मला रिकामीही कोणी बसू दिले नाही.

१९९८ च्या डिसेंबरात मायकल यांची मुलगी मर्लिन शाळेच्या शिबिराला निघाली. तुंगारेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याशी, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात, दोन रात्री तंबूत काढायच्या होत्या. तिच्या आईने, एमिलीने, मला उन्हात वाळवले, कोरडा पेंढा भरला आणि दाभणाने माझे तोंड शिवले.

“आई, सगळ्या हसतील गं!”

“हसू देत. रात्री कुडकुडतील तेव्हा कळेल. हे अंगाखाली घे.”

पहिली हसली ती आर्या, मर्लिनची तंबूतली सोबतीण. “मर्लिन, कांदे कसे किलो दिलेस गं?” मर्लिनने मला कोपऱ्यात ढकलले. माझ्यावर चपला येऊन पडल्या.

रात्री आर्याने अंगावर दोन कांबळी घेतली आणि अंगाखाली नुसते प्लॅस्टिक. थंडी वरूनच येते, असे बहुतेकांचे मत आहे. माझा त्याला आक्षेप आहे. ऊब लोकरीत नसते, लोकरीत अडकलेल्या हवेत असते. अंगाखाली हवाच नसेल, तर गार जमीन शरीरातील ऊब शोषत राहते. पेंढा मात्र सहजासहजी चेपत नाही आणि हवा धरून ठेवतो. हे मला सांगायचे होते. परंतु माझे तोंड शिवलेले होते.

आर्याचे दात वाजू लागले. ती उठली आणि शेकोटीतले निखारे घमेल्यात घालून तंबूत घेऊन आली. दाराचा पडदा बांधणार, तोच शिबिरावर आलेल्या शिक्षिका ॲनीबाई आल्या.

“आर्या! कोंडलेल्या तंबूत निखारे? त्यांचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही. झोपेतच जीव जातो. आधी बाहेर ठेव ते!”

“बाई, खूप थंडी वाजतेय.”

“मी थोड्या वेळाने पुन्हा येते. तेव्हाही अशीच कापत असलीस, तर जीपने घरी पाठवणार.”

“घरी नका ना पाठवू, बाई! बाबा मला पुन्हा कुठेच सोडणार नाहीत.”

बाई गेल्या. आर्या रडू लागली. मर्लिनने कोपऱ्याकडे पाहिले. मला बाहेर काढणे म्हणजे ते हसू पुन्हा ओढवून घेणे. तरी तिने चपला बाजूला केल्या.

“ऊठ जरा. कांद्यांवर झोपायचंय.”

आर्या हसली नाही. मर्लिनने मला आडवे पसरले, म्हणजे दोघींची पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत माझ्यावर मावली. आर्याचे एक कांबळे पायांखाली गेले, दुसरे आणि मर्लिनचे दोघींच्या अंगावर. पेंढा प्रथम टोचला, मग हळूहळू तापला. बाई टॉर्च घेऊन आल्या, तेव्हा दोघी गाढ झोपल्या होत्या. जीप जागची हलली नाही.

सकाळी शेजारच्या तंबूतली एक मुलगी डोकावली. “ए, ही गोणी कोणाची?”

मर्लिन बोलण्याआधीच आर्या म्हणाली, “आमची.”

मित्रांनो, आज माझे धागे विरले आहेत. मला डोक्यावर घ्या, असे माझे मागणे नाही. माझी जागा अंगाखाली आहे आणि तिचा मला कमीपणा वाटत नाही. फक्त मला उघड्यावर, दवात टाकू नका. भिजलेली गोण हवा धरत नाही, ती जमिनीचीच बाजू घेते.