दीड मिनिटाची उलटतपासणी

केबलवाला आपली वायर गुंडाळून घेऊन गेला त्या सकाळी अण्णा हेमावतीला म्हणाले, "त्या पुस्तकवाल्याला सांग, आता टीव्हीचं काय ते त्यानंच बघायचं. फुकट असेल तेच घे म्हणावं. जाहिराती असल्या तर असू देत. या जन्मात पुन्हा कुणाला वर्गणी देणार नाही मी."

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, जयतीर्थ. ते हे बोलत होते तेव्हा मी त्यांच्यापासून चार हातांवर बसलो होतो. हेमावती आमच्याकडे दोन्ही वेळचा स्वयंपाक करते. तिनं हातातली पळी माझ्याकडे वळवली.

"ऐकलं न्हवं साहेब? परत सांगायला लावू नका. माझी फोडणी जळत्येय."

अकरा वर्षं आमचं असंच चाललं होतं. अण्णा हुबळीत वकील होते. कोप्पीकर रोडवर त्यांचं ऑफिस होतं. गोकुळ रोडवरची एक शेड ते स्वतःसाठी घेत होते, आणि त्या कराराला साक्षीदार म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी धारवाडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. रजा टाकून गेलो, आणि वेळ जावा म्हणून पुस्तक घेऊन गेलो. शेड विकणाऱ्या माणसानं सही केली तेव्हा मी पुस्तकात होतो. मान वर केली तर सही झालेली होती, शाई ओली होती. तिच्याखाली मी साक्षीदार म्हणून सही केली. पुढं तो माणूस उलटला. सही माझी नव्हेच, म्हणाला. कोर्टात त्याच्या वकिलानं मला विचारलं, "ही सही होताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत का?" मी कागदाकडे पाहिलं आणि म्हणालो, "खात्रीनं नाही सांगता येणार."

शेड गेली. अण्णा कोर्टाच्या पायऱ्या उतरताना फक्त एक शब्द बोलले, "फितूर." त्यानंतर काही नाही.

पुढं वहिनी वारल्या. काचबिंदूनं अण्णांची नजर गेली. त्यांची मुलगी मेधा बंगळूरला असते, त्यांना ती अप्पा म्हणते. ती आली आणि तिनं मला उचलून अण्णांच्या रायापूरच्या या घरात आणून ठेवलं. माझी संमती विचारली नाही, त्यांचीही नाही.

तर फुकटचं निवडायचं काम माझ्याकडे आलं. कुणी मला एखादी गोष्ट निवडायला सांगितली की मला आधी भीती वाटते. मी वहीत रकाने आखले. टीव्हीवर नेटवरून तीन ठिकाणी फुकट सिनेमे दिसत होते. तिन्हींच्या अटी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. असं दुसऱ्या कुणी केलं असेल असं वाटत नाही. पहिलं माझी जन्मतारीख, फोन नंबर आणि मी कुठं राहतो ते विचारत होतं, आणि एवढं सांगूनही काल सिनेमा कुठं थांबवला हे त्याच्या लक्षात राहत नव्हतं. दुसऱ्याकडे सिनेमे चांगले होते, पण जाहिरात वाक्याच्या मधेच येई. माणूस 'मी तुझा' म्हणे आणि लगेच टूथपेस्ट. तिसऱ्याकडे जुने कानडी आणि मराठी सिनेमे होते. बारा-तेरा मिनिटांनी जाहिरात येई ती दीड मिनिटाची, आणि ती येण्याआधी चित्र हळूहळू काळं होई. निदान वाक्य पुरं होऊ देत असत. मी तिसरं घेतलं.

"साहेबांनी तीन नंबरचं घेतलंय," हेमावतीनं सांगितलं.

"का? कारण विचार."

"वाक्य तोडत नाही म्हणे."

"माझी केस तोडली ती मात्र पूर्णविराम देऊन तोडली म्हणावं."

हेमावती साडेसहाला घरी जाते. सातला आम्ही सिनेमा लावला. अण्णा आपल्या खुर्चीत, मी दिवाणावर, मांडीवर पुस्तक. अण्णा संवादांवरून सिनेमा समजून घेतात, त्यात त्यांचं फारसं अडत नाही. पण त्या सिनेमात एक लांब जागा अशी होती की कुणी बोलतच नव्हतं. नुसतं वाद्यांचं वाजणं, मग दार आपटल्याचा आवाज, मग बाईची किंकाळी. चित्र काळं झालं. गुडघेदुखीच्या तेलाचं गाणं सुरू झालं.

अण्णा छताकडे तोंड करून म्हणाले, "हेमावती गेली का?"

मी पुस्तकाचं पान उलटलं.

"या खोलीत डोळस असं कुणी आहे का?"

"आहे," मी म्हणालो. अकरा वर्षांनी त्यांच्याशी बोललेला तो माझा पहिला शब्द.

"ती का ओरडली?"

मी पुस्तकाकडे पाहिलं. "माझं लक्ष नव्हतं."

ते हसू लागले, आणि ते हसणं ऐकवत नव्हतं. "वाचत होतास?"

"हो."

"अकरा वर्षं झाली रे! अजून संपलं नाही ते पुस्तक?"

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक आतल्या खोलीत ठेवून आलो. त्यांना भिऊन ठेवलं की स्वतःची लाज वाटून, ते मला सांगता येणार नाही. त्या दिवसापासून तेलाचं गाणं लागलं की अण्णा खुर्चीत ताठ होत.

"साक्षीदार, सांगा. म्हातारा घरात आला तेव्हा काय केलं?"

"पेटी उघडली. आतून कागद काढला आणि धोतराच्या कनवटीला खोचला."

"कोणत्या हातानं?"

"उजव्या, वाटतं."

"वाटतं! साक्षीदाराला वाटतं! सून कुठं होती?"

"दारात उभी होती."

"तिनं पाहिलं?"

"तिचं तोंड दाराकडे होतं."

"मग पाहिलं नाही असं म्हण. 'तोंड दाराकडे होतं' म्हणतोस ते कुणाला वाचवायला?"

दीड मिनिटात ते मला घाम फोडत. मी चुकलो की पुढं संवादातून ते बरोबर उघडं पडे, आणि मग पुढच्या जाहिरातीत मला सोलून काढत. मी सिनेमा असा कधीच पाहिला नव्हता. एवढंच काय, मी कुठलीच गोष्ट अशी पाहिली नव्हती. कुणाच्या हातात काय आहे, दिवा कोणत्या बाजूला आहे, कोण कुणाकडे बघतं आहे, सगळं मी मनात धरून ठेवू लागलो. सिनेमा पुन्हा सुरू झाला की आम्ही दोघंही गप्प. जेवताना तर पूर्वीसारखंच, "त्याला ताक हवं का विचार."

हळूहळू मीही उलट बोलू लागलो.

"हा प्रश्न तुम्ही मघाशी विचारलात."

"न्यायालय हवं तेवढ्या वेळा विचारेल."

"न्यायालय आंधळं असतं म्हणतात, ते खोटं नाही."

तोंडातून गेलं ते गेलं. तेल झालं, गटारीच्या पाइपांची जाहिरात संपत आली. मग अण्णा म्हणाले, "बरं बोललास. पण पुटपुटलास. तुझा जन्माचा दोष तो."

असे चार महिने गेले. मेधा तीन दिवसांसाठी आली ती याच वेळी. पहिल्याच संध्याकाळी ती हातात चहाचा कप घेऊन आमच्या मधे उभी राहिली आणि बघत राहिली.

"खोटं! ती जिना उतरत होती. पैंजण ऐकले मी!"

"चढत होती. पैंजण चढतानाही वाजतात."

"मूर्ख! असंच कोर्टात बोलला असतास तर?"

"अप्पा! काका! काय चाललंय हे?" मेधा ओरडली. तेवढ्यात जाहिरात संपली आणि आम्ही दोघंही गप्प झालो. ती आळीपाळीनं आमच्याकडे बघत होती. "तुम्ही जाहिरातीत भांडता?"

मी पडद्याकडे बोट केलं.

"काका, तुमचा रक्तदाब बघा. अप्पा दिवसभर ते तेलाचं गाणं म्हणत बसतात. शिकलेली माणसं तुम्ही, आणि हे भिकारडं फुकटचं काय निवडलंत?"

"वाक्य तोडत नाही म्हणून," मी म्हणालो. ते मलाच पटणारं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गणीचं घेतलं. जाहिरात नाही. शिवाय त्यात दृष्टी नसलेल्यांसाठी सोय होती. पडद्यावर जे दिसतं ते एका बाईचा आवाज हिंदीत सांगत जाई. मेधानं अण्णांना ते ऐकवलं. 'वह दरवाज़ा खोलती है. उसके बाएँ हाथ में चिट्ठी है.'

अण्णांनी मांडीवर थाप मारली. "वा! ही खरी साक्षीदार! 'वाटतं' नाही, 'बहुतेक' नाही. ही त्या दिवशी कोर्टात असती तर मी आज शेडचा मालक असतो."

"वर्गणी देणार नाही म्हणत होतात ना?" मेधा म्हणाली.

"तू देतेयस. मी कुठं देतोय?"

मग ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्हाला चालेल ना? मनापासून सांगा. नको असेल तर नको."

सांगायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो? आंधळ्या भावासाठी चांगली सोय आली आहे, ती मला नको आहे? कशासाठी, तर दिवसातून सहा-सात वेळा मला शिव्या बसाव्यात म्हणून?

"मला काय," मी म्हणालो, "काहीही चालेल."

"ऐक," अण्णा मेधाला म्हणाले. "झाला फितूर. मी सांगितलं नव्हतं?"

मेधा गेली. आता सात वाजता ती बाई बोलू लागे. तिच्याकडे जुने कानडी-मराठी सिनेमे नव्हते. असलं वर्णन फक्त नव्या हिंदी सिनेमांना होतं, पण अण्णा तक्रार करत नव्हते. मी पुस्तक परत घेऊन बसू लागलो. संध्याकाळी चप्पल घालता घालता हेमावती म्हणाली, "साहेब, चार दिवस झाले, तुमचं पान काही उलटत नाही."

पाचव्या दिवशी त्या बाईनं सांगितलं, 'आदमी मेज़ से कुछ उठाता है.'

"काय उचलतो?" अण्णा म्हणाले.

ती पुढं गेली. 'वह बाहर निकल जाता है.'

"अगं, काय उचललं? कोणत्या हातानं?" ते खुर्चीत पुढं वाकले. 'बारिश हो रही है,' बाई म्हणाली. अण्णा तसेच वाकून बसले होते, तोंड पडद्याच्या थोडं डावीकडे. मग मागं टेकले. मी पाहिलं होतं काय उचललं ते. चष्म्याचं घर होतं. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

सहाव्या दिवशी, हेमावती गेल्यावर, मी रिमोट घेतला. मेधानं घेतलेलं बंद केलं, तिचं नाव त्यातून काढून टाकलं. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. मग आमचं जुनं तीन नंबरचं फुकटचं लावलं. एक जुना कानडी सिनेमा सुरू झाला.

अण्णांनी पाच मिनिटं ऐकलं. "ती बाई कुठं गेली?"

'नेट नाही' म्हणता आलं असतं. 'आपोआप बंद पडलं' म्हणता आलं असतं. त्यांना कळलं नसतं. दोन्ही वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती.

"मी काढलं," मी म्हणालो.

"काय काढलंस?"

"ते वर्गणीचं. मेधाचं नाव पुसलं."

"का?"

"मला ती बाई नको."

अण्णांचा आवाज चढला. "तुला नको! घर माझं, टीव्ही माझा, डोळे गेले ते माझे, आणि तुला नको! चोर आहेस तू. आंधळ्याच्या हातातली काठी काढून घेतलीस, वर सांगतोस! उद्या सकाळी मेधाला फोन करतो. सामान बांधून ठेव. पुस्तकंबिस्तकं सगळं."

"बांधतो."

"त्या दिवशी विचारलं तेव्हा काय म्हणालास? काहीही चालेल! आज काय झालं?"

"त्या दिवशी खोटं बोललो."

"आणि आज?"

"आज नाही."

"खात्री आहे?"

"आहे."

"मोठ्यानं!"

"आहे म्हणतोय ना!" मी ओरडलो. मी एवढ्यानं ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"साकु," अण्णा कानडीत म्हणाले. पुरे. त्यांनी मान फिरवली. पडद्यावर स्वयंपाकघर होतं आणि कुणी बोलत नव्हतं, फक्त एक भांडं पडल्याचं वाजलं. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर आपटत होती. मग चित्र हळूहळू काळं झालं आणि गुडघ्याचं तेल सुरू झालं. कडवं एकदा झालं. दुसऱ्यांदा सुरू झालं.

"सामान उद्या बांध," ते म्हणाले. "आत्ता सांग. भांडं पडलं ते कुणी पाडलं?"

"कुणी पाडलं नाही. थोरली सून चुलीशी बसली होती. धाकटी मागून आली आणि तिनं फळीवरून तांब्या उचलला. त्याचा धक्का लागून वाटी पडली."

"कोणत्या हातानं उचलला?"

"डाव्या."

"थोरलीनं वळून बघितलं?"

"नाही."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं."

तेलाचं गाणं संपलं. पाइपांची जाहिरात अजून बाकी होती.

"मग थांबलास कशाला?" अण्णा म्हणाले. "वाटीत काय होतं ते सांग."