डावा गुडघा

"आधी ऐकून घे, मग पावती," महिपतराव म्हणाले आणि त्यांनी टाक पुन्हा दौतीत ठेवला.

भिवाची बैलगाडी जकात नाक्याच्या आडव्या बांबूपाशी उभी होती. गाडीत ठाण्याच्या चेंदणीहून आणलेली सुकी मासळी, तिच्यामागे विटांची एक गाडी, तिच्यामागे भाताची, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर पौषातलं दहा वाजताचं ऊन. कल्याण शहरात शिरायचं तर या बांबूखालून जावं लागे आणि बांबू वर व्हायचा तर महिपतरावांचं बोलणं संपावं लागे. हे गाडीवाल्यांना इतकं ठाऊक होतं की ते बैलांपुढे आधीच पेंढा टाकून ठेवत.

"तुमच्या ठाणेकरांचा उजवा कोपरा सांभाळतो ना, तो तुमचा पोपट? बावळट आहे. चढाईला आलेला गडी पाय पुढे टाकतो, आणि हा बघतो त्याच्या तोंडाकडे! अरे, तोंडाने तो नुसता दम घालतो. मारतो पायाने. पाय बघावा, पाय!"

"सगलं खरं, रावसाहेब," भिवा काकुळतीला येऊन म्हणाला, "पन ही मासली इकायची कवा?"

महिपतरावांनी पावती लिहिली. वीस वर्षं ते नाक्यावर कारकून होते आणि वीस वर्षं त्यांनी कल्याणच्या प्रत्येक संघाबद्दल मत दिलं होतं. रेल्वेची हॉकी टीम दुसऱ्या हाफमध्ये का दमते, डोंबिवलीहून मुंबईच्या कॉलेजात जाणारी पोरं क्रिकेटची बॅट खेळण्यापेक्षा पुसतातच का जास्त, यावर त्यांच्याकडे तयार उत्तर असे. पण त्यांचा जीव होता गावातल्या पारनाक्याच्या हुतूतू मंडळात. सरकारदरबारी आता त्या खेळाला कबड्डी म्हणू लागले होते. महिपतराव हुतूतूच म्हणत. स्वतः ते शाळेत असताना एकदाच मैदानात उतरले होते आणि पहिल्याच चढाईत मध्यरेषा ओलांडायच्या आत त्यांचा दम तुटला होता. त्यानंतर त्यांनी रेषेच्या बाहेरूनच खेळायचं ठरवलं.

घरी त्यांची बायको नंदा म्हणायची, "पाण्याचा हंडा कुठल्या कोपऱ्यात आहे ते यांना सांगता यायचं नाही. पण ठाण्याच्या कोपऱ्यात कोण उभा राहतो, ते झोपेत विचारा."

तिला त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नाही. पण मनात एक सल होता. वीस वर्षांत त्यांचं मत ऐकलं सगळ्यांनी. मागितलं मात्र कोणी नव्हतं.

ते त्या मंगळवारी मागितलं गेलं.

भिवा पावती घडी करून मुंडाशात खोचत होता, तेवढ्यात शहाडच्या बाजूने आलेली एक जीप नाक्यापाशी थांबली. उतरले ते कर्णिकसाहेब. शहाडकडे नवी गिरणी उभी राहिली होती, तिथे कामगारांच्या खेळांचं खातं ते पाहत. गिरणीला स्वतःचा कबड्डी संघ उभा करायचा होता, हे महिपतरावांना अर्थातच ठाऊक होतं.

"महिपतराव आपणच का?" साहेबांनी विचारलं. "कल्याणातल्या खेळाडूंबद्दल कोणालाही विचारलं, की सगळे म्हणतात, नाक्यावर जा."

महिपतराव उभे राहिले. खुर्ची पुसली. साहेब बसले नाहीत.

"आम्हाला चढाईचा एक गडी हवा आहे. आनंदा म्हणून आहे तुमच्या मंडळात, रेतीबंदरावर होड्या भरतो तो. खेळ उत्तम आहे असं ऐकतो. नोकरी कायमची आहे, म्हणून माणूस अंगाने निर्दोष पाहिजे. आज आपण हो म्हणालात तर उद्याच त्याची सही घेतो. मात्र सहीच्या दिवसापासून तो फक्त गिरणीकडून खेळेल."

उद्या! रविवारी चेंदणीशी अंतिम सामना होता. अकरा वर्षं विजेत्याची ढाल ठाण्यात होती, आणि अकरा वर्षांनी पहिल्यांदाच पारनाक्याकडे असा गडी होता की जो समोरच्या सात जणांत शिरून परत येत असे. आनंदाशिवाय पारनाका म्हणजे मिठाशिवाय आमटी.

"खेळ तर चांगलाच आहे," ते म्हणाले. मग त्यांच्या तोंडून पुढचं वाक्य निघालं. कुठून निघालं ते त्यांना पुढे कितीही आठवून सांगता आलं नाही. "फक्त त्याचा डावा गुडघा. त्या गुडघ्याचं मला जरा सांगता येत नाही."

"काही इजा आहे?"

"दिसत नाही कोणाला. पण मी रोज बघतो ना! आपण रविवारी स्वतः पाहावं, साहेब. घाई करू नये."

कर्णिकसाहेबांनी मान डोलावली. "बरं झालं विचारलं," म्हणाले आणि गेले. बांबूपाशी भिवा अजून उभाच होता. बैलाच्या मानेवरचं जू सारखं करत होता.

पहिला दिवस महिपतरावांनी स्वतःची समजूत घालण्यात काढला. आपण खोटं काय बोललो? सांगता येत नाही म्हणालो. रविवारी साहेब डोळ्यांनीच बघतील, आनंदा सगळ्यांना लोळवील, ढाल कल्याणात येईल आणि सोमवारी सहीसुद्धा होईल. एका दगडात दोन पक्षी. असं त्यांनी बायकोलाही सांगून पाहिलं; फक्त गुडघ्याचा भाग वगळून.

बुधवारी संध्याकाळी आनंदाच नाक्यावर आला. बावीस वर्षांचा, रेतीने पांढरे झालेले पाय, आणि लाजरं हसू.

"दादा, गिरनीचं सायब आलतं म्हनं. माज्याबद्दल काय इचारलं?"

"रविवारी येणार आहेत बघायला. चांगला खेळ म्हणजे झालं."

"लागंल ना मना नोकरी? आये म्हनते, आवंदा पावसाच्या आधी घरावर कौलं घालू. गवताचा भारा उचलून तिची मान आखडते आता." मग तो एकदम म्हणाला, "तुमी असल्यावर मना काल्जी नाय. तुमचा शबूद म्हंजे शबूद."

तो गेल्यावर महिपतरावांना चहा गेला नाही. रात्री कूस बदलताना त्यांना एकच चित्र दिसे. आनंदाचे दोन्ही गुडघे, नवे कोरे, दगडी जात्याच्या पाळीसारखे.

शुक्रवारी त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली आणि सायकल शहाडकडे मारली. सांगून टाकायचं. मी चुकलो, पोराचा गुडघा ठणठणीत आहे. गिरणीच्या फाटकापर्यंत ते पोचले. पहारेकऱ्याने विचारलं, "कोणाला भेटायचंय?" महिपतरावांनी आत पाहिलं. कर्णिकसाहेबांची जीप उभी होती. आता सांगितलं तर साहेब आजच सही घेतील. मग परवा मैदानात आनंदा नसेल, आणि चेंदणीचे गडी हसत ढाल घेऊन जातील. बाराव्या वर्षी.

"कोणाला नाही," ते म्हणाले आणि सायकल वळवली. दोन दिवसांनी काय बिघडतं? येताना वाटेत उतार असूनही त्यांना धाप लागली.

रविवारी पारनाक्यामागच्या पटांगणात मुंगीला वाट नव्हती. सडा टाकून माती दाबलेली, फक्कीच्या रेषा पांढऱ्याशुभ्र. महिपतराव नेहमीच्या जागी, मध्यरेषेच्या टोकाशी उकिडवे बसले. समोर खुर्च्यांवर कर्णिकसाहेब. बायकांच्या बाजूला आनंदाची आई ठमाबाई, गवताचा भारा विकून तशीच आलेली, पदरात विळा गुंडाळलेला.

पहिल्या चढाईला आनंदा गेला. "हुतूतूतूतू" करत त्याने डावा पाय आत टाकला मात्र, आणि उजव्या कोपऱ्यातल्या पोपटने खाली झेप घेतली. तोंडाकडे न बघता. थेट पायाकडे.

"अरे वा, सुधारला की!" शेजारी बसलेले भाऊ ओक म्हणाले. भाऊ मंडळाचे जुने पंच होते.

दुसऱ्या चढाईलाही पोपट डाव्या पायावरच गेला. तिसऱ्या वेळी तर चेंदणीचा संघनायक मोठ्याने ओरडला, "डावा गुडघा! डावा गुडघा धर, तो कच्चा हाय!"

महिपतरावांच्या कानांत एकदम दडे बसले. त्यांनी गर्दीत नजर फिरवली. ठाणेकरांच्या घोळक्यात भिवा बसला होता, आणि महिपतरावांकडे पाहून तो ओळखीचं, आदराचं हसला. त्याची चूक काय? नाक्यावरचं मत गाडीबरोबर गावोगाव जायचं, ही तर महिपतरावांची वीस वर्षांची मिरास होती. आजवर ठाणेकर त्यावर हसत असत. पण गिरणीचा साहेब जीप थांबवून ज्याला विचारतो, त्याचं मत मग कोण टाकून देईल?

"भाऊ, आनंदाला बाहेर घ्या," ते एकदम म्हणाले.

"वेड लागलं का? चार गुणांनी मागे आहोत."

"घ्या हो बाहेर! त्याचा पाय धरतायत ते."

"पायच धरतात हुतूतूत, महिपतराव. तुम्हीच तर सांगता."

मध्यंतरानंतर आनंदा किंचित लंगडत उतरला. दर चढाईला तोच डावा पाय, तेच हात. तरी तो गुण आणत होता. एक, मग दोन. महिपतराव अंगठ्याचं नख कुरतडत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, पारनाका हरू दे. आत्ताच्या आत्ता हरू दे, आणि हा पोरगा घरी जाऊ दे.

शेवटचं मिनिट. चेंदणी दोन गुणांनी पुढे. आनंदा आत शिरला, आणि पोपटने त्याचा डावा गुडघा दोन्ही हातांनी कवटाळला. वरून आणखी दोघे पडले. त्या ढिगाऱ्याखालून बारीक, न तुटणारा आवाज येत राहिला, "हुतूतूतूतू..." एक हात बाहेर आला. मातीत बोटं रुतवत तो हात वीतभर सरकला, मग आणखी चार बोटं, आणि फक्कीच्या रेषेला लागला. तीन गडी बाद. शिट्टी वाजली. मगच तो आवाज थांबला.

पटांगण उसळलं. ढाल डोक्यावर, गुलाल, ताशा. आनंदाला चौघांनी उचललं तेव्हा त्याचा डावा पाय गुडघ्यापासून भलत्याच बाजूला लोंबत होता. ठमाबाई गर्दीतून वाट काढत होती आणि तिच्या पदरातला विळा कुठेतरी पडला होता.

कर्णिकसाहेब महिपतरावांपाशी आले. "कमाल आहे तुमच्या नजरेची," ते हळू म्हणाले. "मी तर सही घेऊन मोकळा झालो असतो. वाईट वाटतं पोराचं. पण तुम्ही अचूक सांगितलंत."

"साहेब, तसं नव्हतं—"

पण ताशा इतका जोरात होता की साहेबांनी कानामागे हात धरला, हसून मान हलवली आणि ते जीपकडे गेले. महिपतराव मागे धावले नाहीत. ते पुढच्या आठवड्यात गिरणीत जाऊन सगळं सांगून आले, हेही खरं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता त्याला कामावर घेता येईल असा गुडघाच राहिला नाही, महिपतराव. तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका."

हाडवैद्य झाले, इस्पितळ झालं. ज्येष्ठ उजाडला तरी ठमाबाईच्या घरावर गवतच होतं.

एके सकाळी आनंदा नाक्यावर आला. काखेत काठी, डोक्यावर गवताचा भारा. रेतीबंदरावर आता त्याला कोणी घेत नव्हतं. आईचं काम त्याने घेतलं होतं. महिपतरावांनी उठून भारा उतरवला आणि त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं. आनंदा अवघडून बसला.

"दादा, एक इचारू? राग नका मानू."

"विचार."

"तुमी आधीच वळखलवतं, माजा गुडगा कच्चा हाय म्हनून. सगला गाव सांगतंय. मंग मना का नाय सांगलंत? मी पट्टा बांदला असता."

महिपतरावांनी बांबूचा दोर हातात घट्ट धरला.

"आनंदा, तुझा गुडघा कच्चा नव्हता. चांगला होता. मी साहेबाला खोटं सांगितलं. ढाल यावी म्हणून, तू रविवारपर्यंत आमच्याकडे राहावास म्हणून. ते भिवाने ऐकलं आणि ठाण्याला गेलं. हे माझ्यामुळे झालं."

आनंदाच्या चेहऱ्यावर तेच जुनं लाजरं हसू आलं.

"माज्या जीवाला बरं वाटावं म्हनून बोलता, दादा. तुमची नजर कवा चुकलीय?"

"अरे, देवाशपथ—"

"ऱ्हाऊ द्या. येतो मी. बाजार उठंल." त्याने काठीवर भार देऊन स्वतःला उभं केलं. महिपतरावांनी भारा त्याच्या डोक्यावर ठेवला, आणि तो बांबूखालून वाकून गेला. डावा पाय मातीत एक लांब रेघ ओढत होता.

मागे भिवाची गाडी येऊन थांबली. भिवाने सवयीने बैलांपुढे पेंढा टाकला, मुंडासं सोडून घाम पुसला आणि जुवाला टेकून आरामात उभा राहिला.

"मंग रावसाहेब? आवंदा कोनाचा संघ जोरात?"

महिपतरावांनी टाक उचलला. पावती लिहिली, फाडली, भिवाच्या हातात दिली आणि दोर ओढला. बांबू वर गेला. भिवाने मुंडासं पुन्हा बांधलं, पावती त्यात खोचली. मग त्याने बैलांपुढचा पेंढा, त्यांनी तोंडही न लावलेला, उचलून पुन्हा गाडीत टाकला.