वर्तुळातली खूण

डीटरने गाता गाता मान हलवली आणि ती खूण पुन्हा प्रभाला ओलांडून शेजारच्या श्रीधरकडे गेली. म्हणजे आता त्याने एकट्याने वाजवायचं, बाकीच्यांनी मागे साथ धरायची. श्रीधर खुशीत पुढे सरकला आणि लगेच अडखळला. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या.

हॅनोव्हरमधल्या या पबच्या मागच्या खोलीत दर रविवारी ब्लूग्रास हे अमेरिकी लोकसंगीत वाजवणारे जमत. त्यांच्या वर्तुळात बँजो घेऊन बसलेली प्रभा ही एकटीच बाई. उल्लाही होती, पण ती वर्तुळाबाहेर, मागे भिंतीशी उभी राहून माणसाएवढ्या बासवर खालचे सूर धरायची. तिला खूण करावी असं कुणाच्या मनातही येत नसे. नवऱ्याला, श्रीधरला, गिटार प्रभानेच शिकवली, इथे आणलंही तिनेच. त्याला पहिल्याच दिवशी खूण मिळाली. तिला दोन वर्षांत नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोटांनी ठेका सोडला नाही.

डीटरचं गाणं खाणकामगारांच्या संपाचं होतं. ते संपलं तेव्हा त्याचे डोळे पाणावले होते. शंभर वर्षांपूर्वीच्या संपासाठी रडायला काय जातं?

"प्रभा, आता तुझं गाणं," तो म्हणाला.

"मी केलेलं म्हणते. संपाचंच आहे." ती काम करायची त्या बालवाडीतल्या बायका या वसंतात संपावर होत्या. रस्त्यावर त्यांनी हेच गाणं म्हटलं होतं.

"हे बघ, इथे राजकारण नको," डीटर म्हणाला.

"मग तुझं काय होतं?"

"ते जुनं आहे."

श्रीधर मराठीत पुटपुटला, "जाऊ दे ना, प्रभा. साधं काहीतरी घे. चांगली माणसं आहेत."

"तुझ्याशी चांगली आहेत."

तिने गाणं सुरू केलं, तेही आपल्या आवाजाच्या उंच पट्टीत. नेहमीची पट्टी सुटल्यामुळे पुरुषांची धांदल उडाली, पण थांबवणार कोण? ज्याचं गाणं त्याचीच खूण, हा नियम डीटरनेच घातलेला.

पहिल्या कडव्यानंतर डीटरने व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. प्रभाने तिकडे पाहिलंच नाही. ती स्वतःच वाजवत सुटली, सगळा राग तारांवर काढत.

दुसरं कडवं झालं. श्रीधर हसत पुढे सरकून बसला. तिची नजर त्याच्यावर जरा थांबली, मग त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेली. तिने उल्लाकडे बघून मान हलवली.

उल्लाने आधी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.