दारावर लिहिलेला पासवर्ड

दिनांक १२ ऑगस्ट २०२५, मंगळवार. मौजे कुरुंदा, तालुका वसमत.

पीकविम्याचे अर्ज भरणाऱ्या शेजाऱ्यांना तकलीफ नको, म्हणून जळबा खिल्लारे यांनी घरच्या वायफायचा पासवर्ड खडूने दारावर लिहून ठेवला होता. त्याच वायफायवरून कोणा अज्ञाताने एका शाळेला धमकीचा मेल पाठवला, आणि कनेक्शन जळबांची मुलगी पल्लवी हिच्या नावावर होते. पोलीस भरतीत तिची निवड झाली होती. केवळ चारित्र्य पडताळणी उरली होती.

“साहेब, पासवर्ड मी लिहिला. लेकराचं नाव काहून घेऊन राहिले?” जळबा हात जोडून विनवीत होते.

“दादा, कुलूप लावून किल्ली बाहेरच टांगली तुमी,” चौकशीला आलेले हवालदार म्हणाले.

“मंग तिचा काय गुन्हा?”

हवालदारांनी कागद मिटले. “तपास संपेपर्यंत पल्लवीची नेमणूक होणार न्हाई.”